तंतू होतात, पण सरळ का पडत नाहीत?

मागच्या अंकात मी इलेक्ट्रोस्पिनिंगबद्दल लिहिलं होतं. पॉलिमरचं द्रावण सिरिंजमध्ये भरायचं, सुईला दहा-वीस हजार व्होल्ट द्यायचे आणि समोर अर्थिंग केलेल्या धातूवर केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढे बारीक तंतू गोळा करायचे, अशी ही पद्धत. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांची अडचण एकच होती: तंतू होतात, पण हवे त्या दिशेत आणि हवे त्या जागी पडत नाहीत. माझं रोजचं काम याच यंत्रावर चालतं, त्यामुळे या वेळचं सदर मी पूर्णपणे या विषयालाच देते.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात पीएच.डी. करते. पीसीएलचं (पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचं) १० टक्के द्रावण, ताशी अर्धा मिलिलिटर, १५ किलोव्होल्ट, सुई ते ड्रम अंतर १५ सेंटीमीटर. ड्रमचा व्यास १० सेंटीमीटर, मिनिटाला १५०० फेरे. एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) तंतू चांगले दिसतात, साधारण ६०० नॅनोमीटरचे, मध्येमध्ये मण्यांसारखे फुगवटे नाहीत. पण दिशा कुठलीच नाही. शिवाय निम्मा माल मोटरवर आणि बेअरिंगवर जाऊन बसतो. गाईड म्हणतात, जास्त वेगाची मोटर घे. घेऊ का?

उत्तर : मोटरची ऑर्डर देण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. लागणारे सगळे आकडे तुमच्या पत्रातच आहेत.

१० टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम, असं मी धरते. तासाला अर्धा मिलिलिटर जातं, म्हणजे ०.०५ ग्रॅम पीसीएल. त्याची घनता सुमारे १.१५. एवढा पॉलिमर ६०० नॅनोमीटर जाडीच्या एकाच अखंड तंतूत ओढला, तर तासाला सुमारे १५४ किलोमीटर लांबी होते. सेकंदाला ४३ मीटर. आणि तुमच्या ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला फिरतो ७.९ मीटर. तंतू येतो त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेगाने ड्रम तो गुंडाळतोय. उरलेली लांबी जाणार कुठे? ती वेटोळी होऊनच पडणार.

ही वेटोळी येतात कुठून, तेही सांगते. सुईच्या टोकाशी द्रावणाचा शंकू होतो. १९६४ मध्ये जी. आय. टेलर यांनी त्याचं गणित मांडलं, म्हणून त्याला टेलरचा शंकू म्हणतात. शंकूतून निघालेली धार थोडं अंतर अगदी सरळ येते. मग धारेवरचे सजातीय विद्युतभार एकमेकांना ढकलायला लागतात, धार बाजूला वाकते, आणि एकदा वाकली की आणखी वाकत, गोल गोल फिरत, लांबत आणि बारीक होत खाली येते. डोळ्यांना हा पसरलेला फवारा दिसतो, आणि सुरुवातीला धार फुटून तिच्या अनेक धारा होतात असंच पुष्कळ जण मानत. अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की बहुतेक वेळा धार एकच असते. अमेरिकेतल्या अॅक्रन विद्यापीठाचे डॅरेल रेनेकर, इस्रायलच्या टेक्निऑनचे अलेक्झांडर यारिन आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये या वाकण्याचं कारण नीट उलगडलं. तंतू बारीक होतो तो याच वाकण्यामुळे. त्यामुळे ते नको म्हणून चालत नाही. वेटोळी येणारच असं धरून पुढची आखणी करायची.

आता मोटरचं बघू. सेकंदाला ४३ मीटर गाठायचे तर तुमचा ड्रम मिनिटाला ८,२०० फेऱ्यांच्या आसपास फिरवावा लागेल. त्या वेगाला ड्रम स्वतःभोवती हवा ओढतो, येणारा तंतू त्या हवेत भरकटतो, हाती लागलेला तुटतो, आणि ड्रमचं बॅलन्सिंग जरा चुकलेलं असलं तर सगळं टेबल थरथरतं. माझं स्पष्ट मत आहे की हा खर्च करू नये. तंतू एक मायक्रॉन जाडीचा चालणार असेल, तर त्याच पुरवठ्याला वेग सेकंदाला साधारण १५ मीटरवर उतरतो. तो तुमच्याच व्यासाच्या ड्रमला ३००० फेऱ्यांत मिळतो. द्रावण थोडं घट्ट करून पाहा. हा हिशोब ढोबळ आहे, धार एकच आहे असं त्यात धरलंय. आणि याहून कमी वेगालाही थोडीफार दिशा येते, कारण विद्युतक्षेत्रही हातभार लावतं. पण पाचपटीची तफावत असताना नुसत्या फेऱ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘निम्मा माल मोटरवर जातो’ हे वाक्य. कलेक्टर, म्हणजे तंतू गोळा करणारा धातूचा भाग, कोणता हे आपण ठरवलेलं असतं. तंतूला ते ठाऊक नसतं. जवळचं आणि अर्थ झालेलं जे असेल तिकडे तो जातो. मोटरची बॉडी, बेअरिंगचं घर, फ्यूम हूडचा (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा) स्टीलचा काठ, सगळं त्याच्या दृष्टीने कलेक्टरच. तंतूंची दिशा सुधारण्याचं काम म्हणूनच ड्रमच्या वेगापाशी सुरू होत नाही, खोलीतल्या अर्थिंगपाशी होतं. मोटर आणि शाफ्ट यांच्यामध्ये नायलॉनचं कपलिंग बसवा. मोटर शक्य तेवढी मागे सरकवून तिच्यापुढे अॅक्रिलिकची शीट उभी करा. ड्रमला अर्थ कसं मिळतंय तेही तपासा. बेअरिंगमधून मिळतंय असं बरेच जण गृहीत धरतात, पण ड्रम फिरायला लागला की ग्रीसचा थर मध्ये येतो आणि जोड तुटक होतो. हाय व्होल्टेज बंद ठेवून ड्रम फिरवा आणि मल्टिमीटरची एक पिन शाफ्टच्या टोकाला हलकेच टेकवून, दुसरी अर्थला लावून बघा. आकडा नाचत असेल तर शाफ्टवर कार्बन ब्रश बसवा. एवढं करूनही माल इकडेतिकडे जात असेल, तर ड्रम अर्थपासून पूर्ण वेगळा करून त्याला दोनेक किलोव्होल्ट ऋण द्या आणि सुईचे तेवढे कमी करा. मग खोलीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ड्रमची ओढ जास्त राहते.

आणि ६०० नॅनोमीटरच हवे असतील, तर ड्रम बाजूला ठेवा. २००३ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॅन ली, युलियांग वांग आणि युनान शिया यांनी जे केलं ते करा. त्यांनी कलेक्टरमध्ये फट ठेवली. दोन समांतर धातूच्या पट्ट्या, दोन्ही अर्थ केलेल्या, मध्ये मोकळी जागा. फटीवर विद्युतक्षेत्राच्या रेषा दोन्ही पट्ट्यांकडे फाकतात, त्यामुळे उतरणाऱ्या तंतूचं एक टोक या काठाकडे ओढलं जातं, दुसरं त्या काठाकडे, आणि तंतू फटीवर आडवा ताणला जातो. अधांतरी तंतूवरचा भार लगेच निघून जात नाही, म्हणून पुढचा तंतू त्याला खेटत नाही, शेजारी समांतर बसतो. मोटर नाही, वेग नाही. पट्ट्या चारही बाजूंनी लावून आलटून पालटून अर्थ केल्या तर एकमेकांना छेदणारे थरही घालता येतात.

फट सुरुवातीला दोन सेंटीमीटर ठेवा. यंत्र चालू असताना फटीत काहीच दिसत नाही, आणि तंतू येत नाहीत असं वाटून नवीन मुलं व्होल्टेज वाढवतात. तसं करू नका. फटीमागे काळा कार्डबोर्ड ठेवा, खोलीतला दिवा मालवा, बाजूने टॉर्च मारा आणि डोकं हळूहळू हलवून पाहा. एका ठरावीक कोनाला सगळी फट एकदम रुपेरी चमकते, आणि डोकं जरा हललं की चमक जाते. जितक्या अरुंद कोनात ती दिसते, तितके तंतू समांतर. ही चमक पांढुरकी होऊन सगळीकडून दिसायला लागली की थांबायचं, कारण थर जाड झाला की साठलेला भार नव्या तंतूंना वाकडं पाडतो. तंतू उचलायला जाड कागदाची चौकट कापा, दोन काठांना दुहेरी टेप लावा, चौकट खालून वर आणत फटीला भिडवा आणि पट्ट्यांच्या काठाशी ब्लेडने कापून घ्या. हाय व्होल्टेज बंद करून आणि सुईचा भार अर्थिंग रॉडने काढून मगच हात आत घाला.

अॅक्रन विद्यापीठातल्याच दुसऱ्या एका गटाने २००४ मध्ये दोन्ही युक्त्या एकत्र करून तांब्याच्या तारांचा पिंजऱ्यासारखा ड्रम वापरला. तारांमधल्या फटींवर तंतू आडवे येतात आणि ड्रम फिरत राहिल्याने मॅट (तंतूंचा सलग थर) मोठी मिळते. वर्कशॉपमध्ये हा ड्रम सहज करून मिळेल, आणि मोटर तुमची आहे तीच पुरेल.

शेवटी मोजमाप. एसईएमचा एक देखणा फोटो म्हणजे पुरावा नाही. नमुन्याच्या मध्यावरून, काठावरून, कोपऱ्यांतून एकाच पटीत मोठे केलेले फोटो घ्या आणि इमेज-जे या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या तंतूंचे कोन काढा. एसईएमची पाळी येईपर्यंत साधा लेझर पॉइंटर वापरता येतो. पातळ मॅटमधून प्रकाश पलीकडच्या भिंतीवर पाडा. तंतू अस्ताव्यस्त असतील तर ठिपक्याभोवती गोल धुकं दिसेल. समांतर असतील तर तंतूंच्या काटकोनात एक लांब रेघ दिसेल. रेघ दिसली त्याच नमुन्यासाठी एसईएमचे पैसे भरा.

प्रश्न : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. तुमचा लेख वाचून मुलाने विचारलं, हे तंतू समांतर करता येतात तर त्यांचं सूत का काढत नाहीत? मागावर चढेल असं काही होईल का?

उत्तर : सूत निघतं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठात २००५ मध्ये तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर पाडले आणि तिथून जाळं ओढत बाहेर काढलं. पाण्याबाहेर येताना ते आपोआप मिटतं, तंतू एका दिशेत येतात आणि बॉबिनवर सूत गुंडाळलं जातं. दुसऱ्या पद्धतीत समोरासमोरच्या दोन सुयांना उलट भार देतात. तंतू मधल्यामध्ये भेटून एकमेकांचा भार मारतात आणि फिरत्या नरसाळ्यावरून पीळ देऊन ओढले जातात. सूत पाहायला फार सुंदर असतं.

पण धंदा करायचा तर वजन बघावं लागतं. एक सुई तासाला एक मिलिलिटर, १० टक्के द्रावण सोडते असं धरलं तर सूत मिळतं तासाला ०.१ ग्रॅम. एक किलोला १०,००० तास, म्हणजे दिवसरात्र चालवूनही वर्षाच्या वर. सुया वाढवाव्यात तर शेजारशेजारच्या धारा एकमेकींना ढकलतात, कडेच्या धारा बाहेर फाकतात आणि जी दिशा मुश्किलीने आणलेली असते ती बिघडते. झेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सच्या तांत्रिक विद्यापीठात सुईच काढून टाकून द्रावणात बुडालेल्या फिरत्या रोलरवरून एकदम शेकडो धारा काढण्याची पद्धत निघाली. तिच्यावर कारखाने चालतात, पण तो माल अस्ताव्यस्त जाळीचा, गाळणीसाठीचा. गाळणीला दिशा लागतच नाही.

शिवाय नुसत्या नॅनोतंतूंचं सूत ताण्यात घातलं, तर फणीच्या घासण्याला ते टिकेल असं मला वाटत नाही. बाण्याला कदाचित चालेल. तुमच्यासारख्यांनी विचार करावा असं मला मनापासून वाटतं ती गोष्ट वेगळी आहे: तुमचं विणलेलं कापड पाया म्हणून वापरून त्यावर नॅनोतंतूंचा पातळ थर. थर इतका हलका असतो की वजन जवळजवळ वाढत नाही, पण धूळ अडवण्याची ताकद पुष्कळ वाढते. तिथे कापड एकसारखं असणं, पृष्ठभागावर तूस नसणं आणि सायझिंग (सुताला लावलेली खळ) पूर्ण निघालेलं असणं महत्त्वाचं. ते तुम्हाला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा चांगलं जमतं. मुलाला घेऊन जवळच्या वस्त्रअभियांत्रिकी महाविद्यालयात जा आणि कापडाचा नमुना सोबत न्या.

प्रश्न : आम्ही नाशिकला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. जुना थ्री-डी प्रिंटर आहे. त्याच्या हेडला सुई लावून तंतू नेमका हव्या त्या जागी, रेघ काढल्यासारखा टाकता येईल का?

उत्तर : येईल. वर सांगितलंय की धार आधी थोडं अंतर सरळ येते. कलेक्टर त्या सरळ भागातच आणून ठेवायचा. बर्कलीच्या लिवेई लिन यांच्या गटाने २००६ मध्ये हेच केलं. अंतर अर्धा ते तीन मिलिमीटर, आणि व्होल्टेज अगदी ६०० व्होल्टपर्यंत खाली. जवळ आणल्यामुळे तेवढ्याच क्षेत्राला कमी व्होल्टेज पुरतं.

यातली अडचण अशी, की मिलिमीटरभर अंतरात सॉल्व्हंट (पॉलिमर विरघळवणारा द्रव) उडून जायला वेळच मिळत नाही. तंतू ओला पडतो आणि पसरतो. तुम्ही द्रावणाच्या वाटेला न जाता वितळलेलं पॉलिमर वापरा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये टोबी ब्राउन, पॉल डाल्टन आणि डिटमार हुटमाखर यांनी ही पद्धत मांडली. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तापवणं सोपं, आणि खाली येईपर्यंत तंतू थिजतो. मात्र तो नॅनो राहत नाही. काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत जाडी येते. तुमच्या प्रकल्पाच्या नावात नॅनो असेल तर ते बदला.

सगळा खेळ टेबल किती वेगाने सरकतं यावर आहे. धारेपेक्षा टेबल हळू चाललं तर तंतू शिवणीच्या टाक्यांसारखा वेटोळ्यांत पडतो. वेग जुळला की सरळ रेघ येते. त्याहून वाढवला की रेघ ताणून बारीक होते, आणि फारच वाढवला की तुटते. पीसीएलच्या वितळाला हा जुळणारा वेग बहुधा मिनिटाला काहीशे मिलिमीटर असतो, म्हणजे तुमच्या प्रिंटरला सहज झेपणारा. तंतू नेहमी सुईच्या थोडा मागे पडतो, म्हणून वळणावर कोपरे गोल येतात. वळणं नमुन्याच्या बाहेर न्या आणि ती पट्टी नंतर कापून टाका. रेघा एकमेकींच्या फार जवळ घेऊ नका, कारण भार असलेला नवा तंतू शेजारच्या पडलेल्या तंतूकडे ओढला जाऊन त्याला चिकटतो. थरावर थर नेमका चढतो तोही याच ओढीमुळे. पण थर वाढत गेले की आत अडकलेला भार नव्या तंतूला दूर लोटायला लागतो.

हाय व्होल्टेज हेडला देऊ नका. तापमानाचा सेन्सर आणि बोर्ड पहिल्याच ठिणगीला जळतील. हेड अर्थ करा आणि व्होल्टेज खालच्या प्लेटला द्या. प्लेट जाड काचेवर किंवा टेफ्लॉनवर बसवा. कोरड्या हवेत मिलिमीटरला सुमारे तीन किलोव्होल्टला ठिणगी पडते, त्याच्या बरंच खाली राहा. झाकण उघडलं की व्होल्टेज बंद होईल असा स्विच लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. ही अट माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला आहे.

प्रश्न : माझ्या भावाच्या मनगटात काच घुसून मज्जातंतू तुटला आहे. सरळ तंतू भरलेल्या नळीतून तो पुन्हा वाढतो असं वाचलं. अशी नळी कुठे मिळेल? (सोलापूर)

उत्तर : ताई, नळी शोधण्यात वेळ घालवू नका. भावाला आजच हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या प्लास्टिक सर्जनकडे न्या. तुटलेली टोकं जवळ असतील तर ती थेट शिवतात. मध्ये अंतर पडलं असेल तर बहुधा पायाच्या पोटरीतला एक संवेदनांचा मज्जातंतू काढून तिथे जोडतात. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. पोकळ नळ्याही वापरतात, पण कमी अंतरासाठी. उशीर झाला की पलीकडचा स्नायू सुकत जातो, म्हणून मी घाई करायला सांगते आहे.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पेशी तंतूच्या दिशेने लांबतात आणि सरकतात, मज्जातंतूच्या आधारपेशीही समांतर तंतूंवर ओळीने बसतात. हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पण तशा तंतूंनी भरलेल्या नळ्यांचे प्रयोग बहुतांशी उंदरांवर झालेत, आणि उंदराच्या पायातलं अंतर माणसाच्या हातापेक्षा खूपच लहान असतं. शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत कित्येक महिने लागतात. तोवर फिजिओथेरपी सोडू देऊ नका, आणि संवेदना नसलेल्या बोटांना गरम भांड्यांपासून जपा.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात आमचे पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) तंतू चिकटतात. मार्चमध्ये फटीच्या पद्धतीने याच द्रावणाचे सुरेख समांतर तंतू मिळाले होते. द्रावण बिघडलं का?

उत्तर : द्रावण ठीक असावं, हवा बदलली. पीव्हीए पाण्यात विरघळवलेलं असतं आणि आर्द्रता ८०-९० टक्के असताना पाणी उडत नाही, तंतू ओलाच पोचतो. फटीच्या पद्धतीला दुसराही फटका बसतो: दमट हवेत तंतूवरचा भार लवकर निघून जातो, मग त्यांना समांतर ठेवणारं ढकलणंच उरत नाही. सगळं यंत्र अॅक्रिलिकच्या बंद पेटीत घ्या, डिह्युमिडिफायरची कोरडी हवा आत सोडा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आली की सुरू करा. फार खाली नेऊ नका, नाहीतर सुईच्या तोंडाशीच द्रावण सुकून गाठ बसते. प्रत्येक नमुन्याच्या वहीत तापमान आणि आर्द्रता लिहा. आणि क्रॉसलिंक न केलेले (रेणू एकमेकांना बांधून न टाकलेले) पीव्हीएचे तंतू टेबलावर उघडे ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने ते नंतरही एकमेकांत मिसळतात. पेटीतून काढले की थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, आणि एसईएमला पाठवतानाही सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यातूनच पाठवा.